उचकी, व्हाया कासू

बाळाराम आप्पांच्या शेजारी पंगतीला बसलात, तर जेवण स्टॉपवार जेवावं लागतं. वाढपी भाताची परात घेऊन निघाला की आप्पा उजवा तळवा तोंडाशी आडवा धरतात आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं पुकारतात, "भाऽऽत! भातवाले तयार ऱ्हावा! मागनं मठ्ठा हाय!" जिलेबी संपत आली की, "शेवटची जिलेबी! शेवटची! नंतर थेट पानसुपारी!" नवऱ्या मुलीच्या मामाला वाटतं हा आचाऱ्याचा माणूस, आचाऱ्याला वाटतं हाच मामा. त्यामुळे दोघंही त्यांना काही बोलत नाहीत. पोटभर जेवून झालं की आप्पा ताटाच्या कडेवर बोटानं टण् टण् वाजवतात आणि उठतात. ती डबल बेल. आता गाडी सुटली.

आप्पा म्हणजे बाळाराम घरत, एसटीचे रिटायर कंडक्टर. पेण स्टँडच्या मागच्या आळीत आमच्या घराला लागून त्यांचं घर. उभी नोकरी त्यांनी पेण–रोहा मार्गावर काढली आणि नोकरी सुटली तरी पुकारणं सुटलं नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसले तरी "डावा कान आला, पुढं मान" हे चालूच. एकदा दाताच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असतानाही त्यांनी "दाढ!" असं पुकारल्याचं डॉक्टर शपथेवर सांगतात. वास्तविक आमच्याकडच्या कंडक्टरांना गावं पुकारायची सवय नाही. ज्याला गडबला उतरायचंय त्याला गडब दिसतं, आणि ज्याला दिसत नाही तो झोपलेला असतो. पण आप्पा प्रत्येक गाव पुकारत. वडखळ, गडब, कासू, आमटेम, नागोठणं, सगळी. बाकीचे कंडक्टर त्यावरून त्यांची टर उडवायचे.

त्यांचा आणखी एक पेटंट प्रश्न होता, "लागली का?" सकाळी स्टँडवर येऊन विचारायचे, "रोहा लागली का?" मी मराठीचा मास्तर असल्यामुळे मला या 'लागण्या'चं कौतुक. आपल्याकडे गाडी फलाटाला लागते आणि आत बसणाऱ्यालाही लागते. भूक लागते, पिक्चर लागतो, लग्न लागतं. आप्पा हा प्रश्न कशालाही लावत. माझ्या मुलीला नोकरी मिळाली तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "लागली का? बेस झालं."

रिटायर झाल्यावरही ते रोज सकाळच्या रोहा गाडीत बसून नागोठण्यापर्यंत जात आणि दुसऱ्या गाडीनं परत येत. तिथं त्यांचं कोणी नव्हतं, काही काम नव्हतं. अख्ख्या स्टँडची समजूत अशी, की म्हाताऱ्याच्या अंगातली नोकरी जात नाही. मी एकदा म्हटलं, "आप्पा, हौसच असेल तर आता रेल्वेनं जा की. आरामात जाल."

"रेल्वेला दोरी नाय, बेल नाय, कंडक्टर नाय," आप्पा म्हणाले. "अनाथ गाडी ती. तिच्यात मी नाय बसनार."

अशा या आप्पांनी एका रविवारी दुपारी आमच्या चित्ररसिक मंडळाचा सिनेमा पाहिला, आणि तेव्हापासून पेणमध्ये सिनेमा या विषयावर कोणी माझ्याशी धड बोलत नाही.

मंडळाचे अध्यक्ष बापट वकील आणि चिटणीस मी. आम्ही शाळेच्या हॉलमध्ये जगातले उत्तमोत्तम सिनेमे दाखवायचो. प्रेक्षक साधारणपणे आम्ही दोघं, बापट वकिलांचे दोन अशील आणि हॉलला कुलूप लावायचं म्हणून थांबलेला शिपाई. अशील का यायचे ते सांगायला नको. त्या वेळी बापटांनी मुंबईच्या मित्राकडून एक परदेशी कॅसेट आणली होती. मला म्हणाले, "मास्तर, ही साधी फिल्म नाही. अतिवास्तव आहे. काळा विनोद आहे. शिवाय प्रेमकथा. थोडक्यात, ही एक रोमँटिक रोड मूव्ही आहे." मी म्हटलं, थोडक्यात तेवढंच फळ्यावर लिहू.

फळा रंगवायला दिला शिवराम पेंटरला. शिवरामनं तो रंगवला, स्टँडच्या फाटकाला टांगला आणि पैसे घेऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हॉलवर पोचलो तर बाहेर ही गर्दी! लुगडी, टोप्या, कडेवर पोरं, हातात डबे. शिपाई घाबरून दाराआड उभा होता. मी स्टँडवर धावत जाऊन फळा पाहिला. शिवरामच्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं, "परदेशी रोमँटिक रोहा मूव्ही."

"रोड?" घरी जाऊन गाठल्यावर शिवराम शांतपणे म्हणाला. "रोड कोन लिवतो पेनात? जल्मभर एसटीच्या पाट्या रंगवल्या मी. 'रो' काढला का हात आपोआप 'हा'वर जातो."

तर रोह्यात बातमी गेली होती, की रोह्यावर परदेशी पिक्चर निघालाय आणि तो रोह्याच्या आधी पेणला लागलाय. हा अन्याय सहन न होऊन तिकडची मंडळी गाडी भरून आली होती. त्यांना ही चूक समजावून सांगायचा प्रयत्न बापट वकिलांनी केला. उंच टेबलावर उभे राहून ते म्हणाले, "मित्रहो, हा रोहा नव्हे, हा रोड आहे." मागून एकजण ओरडला, "म्हायतेय! रोहा रोड!" मग बापट टेबलावरून उतरले.

आम्ही दारं-खिडक्या लावून घेतल्या. पडदा म्हणजे दोन चादरी शिवलेल्या. प्रोजेक्टर भाड्याचा. स्पीकर मंडपवाल्याचा, त्याची वायर दाराच्या उंबऱ्यावरून ओढून आणलेली. पहिल्या रांगेत दाराजवळची खुर्ची आप्पांनी धरली होती. कंडक्टरची सीट तिथंच असते, म्हणाले.

आता सिनेमाची गोष्ट. एका बाईचा नवरा ऐन लग्नात हसता हसता मरतो. कशाला हसतो ते कळत नाही. ती नवरीच्या पोशाखातच एक लाल खटारा गाडी भाड्यानं घेते, नवऱ्याला कोट-टोपीसकट मागच्या सीटवर बसवते, स्वतः शेजारी बसते आणि त्याच्या आईच्या गावाला निघते. गाडीचा ड्रायव्हर एक उदास तरुण. रस्ता उजाड, माळरानाचा, आणि त्या रस्त्यावर वाट्टेल ते भेटतं. मधोमध एक कपाट उभं असतं आणि त्यातून बँडवाले बाहेर पडतात. एक शेळी पेपर वाचत असते. आणि गंमत म्हणजे त्या मेलेल्या नवऱ्याला मधूनमधून उचकी लागते.

पहिली पाच मिनिटं हॉल गप्प होता. मग मागून आवाज आला, "अरे, पन रोहा कुठाय?"

"दम धर," आप्पा मागे न वळता म्हणाले. "आता कुठं वडखळ सोडलंय."

आणि इथून पुढे सिनेमा आप्पांनी चालवला. पडद्यावर वळण आलं की तळवा तोंडाशी गेला, "गडऽऽब! गडबवाले पुढं या!" उजाड माळ आला. कोणीतरी शंका काढली की इथली खारफुटी, मिठागरं कुठं गेली. आप्पा म्हणाले, "शुटिंगला साफ केली असतील." कपाटातून बँड निघाला तेव्हा बापट वकील माझ्या कानात म्हणाले, "हा अतिवास्तवाचा कळस!" आप्पांनी ते ऐकलं. "कसला अति, वकीलसायेब? वास्तवच हाय. आमटेमला माझ्या गाडीपुढं अशीच वरात आडवी आलती. बँडवाला टपावर चढून वाजवीत होता. आन् शेळीचं म्हनाल तर मी शेळीला तिकीट फाडलंय."

मेलेल्या नवऱ्याबद्दल मात्र हॉलमध्ये मतभेद झाले. एक म्हणे तो प्रवासी, दुसरा म्हणे सामान. निकाल आप्पांनी दिला. "बसलाय ना? मंग प्याशिंजर. आडवा असता तर लगेज. फुल तिकीट."

इतक्यात त्या नवऱ्याला पुन्हा उचकी लागली. चांगली सणसणीत. रोह्याची एक म्हातारी कळवळून शेजारणीला म्हणाली, "कोनतरी आठवन काढतंय गो त्याची."

झालं! अख्खा हॉल त्या परदेशी मढ्याच्या मदतीला धावला. आपल्याकडे उचकी लागली की एकेक नाव घ्यायचं. ज्यानं आठवण काढली त्याचं नाव आलं की उचकी थांबते. "आई म्हना, आई!" एकानं सुचवलं. उचकी चालूच. "मावशी!" "आत्या!" "मामी असंल, निडीची!" शाळेच्या हॉलमध्ये त्या गोऱ्या नवऱ्याला रोहा तालुक्यातल्या सगळ्या नातेवाइकांची नावं देऊन झाली. बापट वकिलांनी डोळ्यांवर हात ठेवला होता. आप्पा एवढा वेळ बोलणारे, पण ते एकदम गप्प झाले होते. खुर्चीत पुढे सरकून बघत होते. मग हळूच म्हणाले, "मंजे मेल्यावर बी लागते."

त्यानंतर त्यांनी एकही स्टॉप पुकारला नाही. सिनेमा शेवटाकडे आला. ती बाई मागच्या सीटवरून उठली आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. ड्रायव्हरनं तिच्याकडे पाहिलं. दूरवर एक नदी दिसली, नदीवर पूल. तो पूल दिसताच आप्पांची सवय उसळून आली. ताडकन उठून ते ओरडले, "रोहाऽऽ! रोहा आलं! सगळं उतरा!"

रोह्याची मंडळी आपली कुंडलिका नदी ओळखून टाळ्या वाजवत उठली. त्यांना परतीची गाडीही गाठायची होती. आप्पांनी दार उघडलं, उंबऱ्यावर उभे राहून एकेकाला खाली उतरवलं, म्हाताऱ्यांना हात दिला. हॉल रिकामा झाला. ते परत येऊन बसले तेव्हा पडद्यावर लाल गाडी पाठमोरी चाललेली होती, लांबच लांब सरळ रस्त्यावर, लहान लहान होत. आवाज नाही, संगीत नाही, उचकी नाही. ती तशी बराच वेळ चालली आणि सिनेमा संपला.

बापट वकिलांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मास्तर, ती शांतता ऐकलीत? तो दिग्दर्शक त्या शांततेसाठी जगला असेल." पुढच्या आठवड्यात त्यांनी गावच्या साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. 'शेवटचं मौन' असा मथळा. दोन्ही अशिलांनी तो वाचल्याचं सांगितलं.

आप्पा मात्र त्या दिवसापासून बदलले. सकाळच्या रोहा गाडीला जाईनात. स्टँडवर कोणी "लागली का?" विचारीना. न्हावी मला म्हणाला, "आप्पा पुकारत नाय. मना कलतच नाय कुठचा कान झाला ते." शेजारच्या लग्नात ते खाली मान घालून जेवले आणि डबल बेल न देताच उठले. आचारी काळजीत पडला, मीठ जास्त झालं का म्हणून.

शेवटी एका संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. पायातल्या चपलेशी खेळत त्यांनी विचारलं,

"मास्तर, त्याची उचकी थांबली कशापायी?"

 मी त्यांना बापट वकिलांकडे घेऊन गेलो, आणि ती मात्र चूक झाली. बापटांना असा प्रश्न विचारणारा माणूस आयुष्यात प्रथमच भेटला होता. ते खुर्ची ओढून पुढे सरसावले. "अगदी सोपं आहे, आप्पा. ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. त्या क्षणी तिनं त्याला मनातून उतरवलं. आठवण संपली, उचकी संपली. माणूस एकदा मरतो, मग हा असा दुसऱ्यांदा मरतो. कधीतरी ती थांबणारच!"

"थांबनारच," आप्पा म्हणाले आणि उठले.

परतीच्या वाटेवर, स्टँडच्या कोपऱ्यावर उभं राहून त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांची बायको द्वारका, रोह्याकडच्या निडीची. दोन पावसाळ्यांमागं ती गेली, तेव्हा मीही खांदा दिला होता. लग्न लागलं आणि आप्पांनी तिला आपल्याच मार्गावरच्या गाडीनं पेणला आणलं. ड्रायव्हर दोस्त, पुढची सीट, खिडकी, सगळा थाट. पण द्वारकाबाईंना गाडी लागायची. हिरव्या शालूत ती पोरगी खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि दर वळणाला विचारत होती, "अजून किती हाय?" हे नवरदेव तिला धीर द्यायला एकेक गाव सांगायला लागले. नागोठणं आलं गो. आमटेम आलं गो. आता कासू.

"कासूला गेली उलटी," आप्पा म्हणाले. "माज्या नव्या कोटावर. आख्खी. सगली गाडी हसली. ती रडायला लागली, मंग मी बी हसलो. बोललो, कासूचं टोलनाकं झालं, आता पेनपर्यंत फुकट."

त्यानंतर ती कधी एसटीत बसली नाही. कंडक्टरची बायको माहेरी जायची ती बैलगाडीनं, पुढे रेल्वे आल्यावर रेल्वेनं. पण आप्पांची गाडी रोज कासूवरून जायची, आणि कासू आलं की त्यांना ती आठवायची. गावं पुकारायची सवय लागली ती तिथून. संध्याकाळी घरी आले की दारातूनच विचारायचे, "कासूला लागली का गो?" आणि ती चुलीपुढून ओरडायची, "लागली, लागली! तुमच्या उचकीपायी भाकरी करपली माजी!"

"रोज लागायची?" मी विचारलं.

"रोज कशी लागंल? थापा मारायची," आप्पा म्हणाले. "पन भाकरी करपलेली असायची."

ती गेल्यावरही म्हणून ते रोज जात होते. कासूसाठी. तिची आठवण घरातही यायची, पण कासूची ती कासूची. पोचते की नाही ते कळायला मार्ग नव्हता, तरी जात होते. मग सिनेमात त्या मेलेल्याला उचकी लागलेली पाहिली आणि त्यांना वाटलं, पोचते! आणि तासाभरात ती बंद झाली.

"वकीलसायेब शिकलेलं मानूस. खोटं थोडीच बोलनार? एक दिवस थांबतेच ती. मंग मी तिकडं जाऊन काय करू? रिकामी खेप."

मला खूप वाईट वाटलं. बापट वकिलांचा रागही आला, पण तो मला नेहमीच येतो.

दोन दिवसांनी कॅसेट मुंबईला परत पाठवायची होती. शेवट पुन्हा पाहावा, त्यातून आप्पांना सांगण्यासारखं काही निघतंय का बघावं, म्हणून मी ती घरच्या टीव्हीवर लावली. बाई पुढच्या सीटवर आली. पूल आला. गाडी पाठमोरी झाली. आत बायको वाल सोलत होती. ती तिथूनच म्हणाली, "अहो, या मेल्याला अजून उचकी लागलेलीच आहे की!"

मी टीव्हीचा आवाज मोठा केला. वारा होता, खटाऱ्याचा खडखडाट होता, आणि दर थोड्या वेळानं एक स्वच्छ, ठणठणीत उचकी होती. गाडी ठिपक्याएवढी झाली तरी होती. पडदा काळा झाला, नावं वर सरकायला लागली, आणि त्या नावांवरही उचकी लागतच होती. शेवटचं मौन वगैरे त्या सिनेमात कुठंही नव्हतं. मौन होतं आमच्या हॉलमध्ये, कारण उंबऱ्यावरची स्पीकरची वायर निघाली होती, आणि उंबऱ्यावर उभं राहून अख्खं रोहा खाली उतरवणारा माणूस एकच होता.

मी चपला न घालता आप्पांच्या घरी गेलो. ते ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते.

"आप्पा, उचकी थांबली नव्हती."

त्यांनी मान वर केली.

"स्पीकरची वायर सुटली होती. आपल्याला ऐकू येत नव्हती एवढंच. ती चालूच आहे. अगदी शेवटपर्यंत."

"ती पुढं जाऊन बसली तरी?"

"पुढं बसली तरी."

"नावं आली तरी?"

"नावांवर पण."

सूप मांडीवरच राहिलं. त्यांनी विचारलं, "वायर कोनाच्या पायानं सुटली?"

"तुमच्याच. रोहा उतरवलंत तेव्हा."

आप्पा असे हसायला लागले की सुपातले तांदूळ ओटाभर झाले. हसता हसता डोळे पुसत होते, पुन्हा हसत होते. त्या सिनेमातला नवरा असाच हसून मेला असेल, या विचारानं मी घाबरून पाणी आणायला आत धावलो.

बापट वकिलांना मी हे अजून सांगितलेलं नाही. त्यांचा लेख त्यांनी फ्रेम करून लावलाय.

दुसऱ्या दिवशी मला नागोठण्याला काम होतं. म्हणजे काढलं मी. स्टँडवर गेलो तर मागून खणखणीत आवाज आला, "रोहा लागली का?" आप्पा इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. गाडीत ते त्यांच्या दाराजवळच्या जागेवर बसले, मी मागे. वडखळ पुकारलं. गडब पुकारलं. नवा कंडक्टर पोरगेलासा होता, तो कौतुकानं ऐकत होता.

कासू आलं. उतरणारं कोणी नव्हतं, चढणारंही नव्हतं, तरी ड्रायव्हरनं गाडी थांबवली. त्याला ठाऊक असावं. आप्पा उठून दारात उभे राहिले. तळवा तोंडाशी गेला नाही. बाहेर बघत, अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "लागली का गो?"

मग जरा वेळ ऐकत उभे राहिले आणि स्वतःशीच हसले. "करपली भाकरी," म्हणाले, आणि दोरी ओढून डबल बेल दिली.